चार वर्षांची २७ ई वर, आई ११ बी वर

सोसायटीचा ग्रुप, गुरुवार रात्र

ए-२०३ मानसी, ९:१२
नमस्कार. विमानाच्या सीटचं कुणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज. १८ तारखेला पुणे-दिल्ली, पुढे नैनिताल. मी, आमचे अहो, मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची आणि सासू-सासरे. तिकिटं झाली. आता ॲपवर सीट निवडायला गेले तर एकेका सीटचे ३०० ते ७०० मागतायत. सहा जणांचं जाऊन-येऊन धरलं तर हॉटेलची एक रात्र निघते त्यात. नाही भरले तर मुलांना लांब बसवतील का?

ए-१०१ पाटील काका, ९:१५
तिकिटाचे पैसे वेगळे आणि बसायचे वेगळे? आमच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली.

बी-५०२ श्रुती, ९:२१
मानसी, भर गं बाई. मी २०२३ च्या दिवाळीत पैसे वाचवायला गेले आणि चांगली अद्दल घडली. मी ११ बी, आमची ओवी २७ ई. तेव्हा ती चार वर्षांची. वेब चेक-इनलाच, म्हणजे घरून ऑनलाइन बोर्डिंग पास काढतानाच, दिसलं होतं, पण म्हटलं विमानतळावर सांगू. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅम, बोर्डिंगला बघतील." बोर्डिंगला म्हणाले, "आत क्रू बघेल." आत क्रू म्हणाली, "सगळे बसेपर्यंत थांबा." सगळे बसेपर्यंत मी त्या चिंचोळ्या वाटेत उभी, पाठीमागे लोकांच्या बॅगा लागतायत आणि ही माझी ओढणी सोडेना.

बी-५०२ श्रुती, ९:२३
शेवटी २७ व्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीने स्वतःहून सीट दिली. खिडकीची होती, पैसे भरून घेतलेली. मी तिला पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. डब्यातल्या दोन शंकरपाळ्या मात्र घेतल्या.

बी-१०३ देसाई, ९:३०
दुसरी बाजूही ऐका. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी दर वेळी पैसे भरून कडेची सीट घेतो. मागच्या प्रवासात एक जोडपं आलं. "अंकल, बच्चा है, ॲडजस्ट कर लीजिए." बदल्यात काय, तर मागे शौचालयाजवळची मधली सीट. नाही म्हटलं तर दोन तास आजूबाजूचे लोक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी पोराचा खाऊ हिसकावलाय. घोळ कंपनीचा आणि वाईट आम्ही!

बी-५०२ श्रुती, ९:३२
काका, तुमचं बरोबरच आहे. मागताना मलाही लाज वाटली होती.

सी-३०१ ॲडमिन, ९:३३
उद्या सकाळी ७ ते १० बी विंगला पाणी नाही. टाकी धुणार आहेत. भरून ठेवा.

सी-४०४ निनाद, ९:४१
मानसी वहिनी, लगेच पैसे भरू नका. तिकिटांचाच धंदा आहे माझा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, विमान कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (एकाच बुकिंग नंबरवरच्या) आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. पैसे भरून सीट निवडली नसली तरी. श्रुती वहिनींचा प्रवास त्याआधीचा.

सी-४०४ निनाद, ९:४४
यात दोन शब्द नीट वाचायचे. "निदान एकाजवळ", म्हणजे अख्खं कुटुंब एका रांगेत असं नाही. खिडकी मिळेल असंही नाही. दुसरं, "त्याच पीएनआरवर".

ए-२०३ मानसी, ९:४६
अरे देवा. आमचे पीएनआर दोन आहेत.

सी-४०४ निनाद, ९:४६
कुणाचे कसे?

ए-२०३ मानसी, ९:५१
सहा जणांचं एकदम काढायला गेलो तर भाडं जास्त दाखवत होतं. तीन-तीनचं बघितलं तर पहिल्या तिघांना स्वस्त. म्हणून ह्यांनी तसं केलं. एकात मी, हे आणि मुलगी. दुसऱ्यात सासू-सासरे आणि मुलगा. हे त्या रात्री इतके खूश होते, जसं काही कंपनीलाच फसवलं.

सी-४०४ निनाद, ९:५८
हाहा, ही युक्ती माहितीये. स्वस्त भाड्याच्या तीनच सीट उरल्या असतील, तर सहा मागितल्यावर सिस्टीम सगळ्यांनाच पुढचं महाग भाडं लावते. तोडून काढलं की तिघे स्वस्तात सुटतात. पण आता सिस्टीमच्या लेखी तुमची दोन अनोळखी कुटुंबं आहेत. घाबरू नका, तुमच्या बाबतीत निभावेल. मुलगी तुमच्यापैकी एकाजवळ, मुलगा आजी किंवा आजोबांजवळ. मोठ्यांपैकी उरलेले दोघे कुठेही पडतील. खरी पंचाईत कधी होते, तर लेकरू एका पीएनआरवर आणि ज्याच्याजवळ ते बसणार तो दुसऱ्यावर असला की.

ए-१०१ पाटील काका, १०:००
म्हणजे सात वर्षांचा नातू आजोबाला सांभाळणार.

सी-४०४ निनाद, १०:०४
वहिनी, एक तपासा. तिकिटावर मुलांची नोंद "चाइल्ड" अशी आहे ना? बऱ्याच वेळा मुलाचं भाडं मोठ्याइतकंच असतं, म्हणून काही जण घाईत सगळ्यांना "ॲडल्ट" टाकून मोकळे होतात. मग संगणकाला कळणार कसं की २७ ई वरची प्रवासी चार वर्षांची आहे?

ए-२०३ मानसी, १०:०७
बघितलं. दोघंही चाइल्ड आहेत. हुश्श.

बी-२०५ केतकी, १०:१०
आमचं बाळ दीड वर्षाचं आहे, त्याला वेगळी सीट नाहीच. पण नणंदेचंही तेवढंच आहे. आम्ही शेजारी बसायचं म्हटलं तर ॲप घेतच नव्हतं. तो काय प्रकार?

सी-४०४ निनाद, १०:१४
दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर, पण ऑक्सिजनचा मास्क त्यालाही लागतो. तीन सीटच्या वर मास्क मोजकेच, तिघांचे आणि फार तर एखादा जादा. म्हणून एका बाजूच्या तीन सीटमध्ये मांडीवरचं बाळ सहसा एकच. तुम्ही वाटेच्या अलीकडे आणि नणंद पलीकडे असं घेऊन बघा. आणि आपत्कालीन दाराच्या रांगेत मुलं चालतच नाहीत, तिथे पाय पसरायला जागा दिसली तरी नाद सोडा.

बी-५०२ श्रुती, १०:१७
मास्कवरून आठवलं. सुरुवातीला सांगतात ना, आधी स्वतःला लावा, मग मुलाला. त्या दिवशी मी वाटेत उभी राहून तेच ऐकत होते. सोळा रांगा पुढे बसून मी कुणाला लावणार होते?

सी-६०२ कुलकर्णी काकू, १०:२०
आमची लेक टोरांटोला असते, तिला आत्ताच विचारलं. ती म्हणते कॅनडात २०१९ पासून नियमच आहे. पाच वर्षांखालचं मूल पालकाच्या अगदी लगत. ५ ते ११ त्याच रांगेत, मधे एकच सीट चालते. १२-१३ ची असतील तर एखादी रांग मागेपुढे. वरचे पैसे नाहीत.

बी-१०३ देसाई, १०:२२
बघा! मापंच ठरवून दिली. आपल्याकडे "जवळ" म्हणजे किती, हा वाद आत विमानात.

सी-४०४ निनाद, १०:२६
काका, आपल्याकडेही सीटचे पैसे सक्तीचे नाहीत. आवडीच्या सीटचे वेगळे पैसे घ्यायला कंपन्यांना परवानगी आहे, पण ते ज्याला हवं त्याने भरायचे. ॲपवाले सीटचा नकाशा असा समोर आणतात की माणसाला वाटतं भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. "स्किप" कुठेतरी कोपऱ्यात, फिकट अक्षरात. ते शोधा.

सी-४०४ निनाद, १०:२९
वहिनी, तुमच्यासाठी: बऱ्याच कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं. उघडलं की लगेच करा, दोन्ही पीएनआरचं. मुलं मोठ्यांजवळ आली नाहीत तर तिथेच स्क्रीनशॉट घ्या आणि कस्टमर केअरला लावा. तरी नाही जमलं तर विमानतळावर दोन-अडीच तास आधी पोचून काउंटरवरच मिटवा, गेटपर्यंत नेऊ नका. विमानात शिरल्यावर देसाई काकांचा गुडघाच काय तो उरतो. नंतर तक्रार करायची तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे.

बी-१०३ देसाई, १०:३०
माझा गुडघा ग्रुपवर गाजणार आता.

ए-२०३ मानसी, १०:३३
पण निनाद, मनातलं विचारते. मुलीसाठी तरी दोन सीटचे पैसे भरून टाकू का? झोप नाही लागणार मला.

सी-४०४ निनाद, १०:३५
भरलेत तर ती तुमच्या मनाच्या शांतीची किंमत, नियमाची नाही. मी असतो तर ४८ तास थांबलो असतो.

बी-५०२ श्रुती, १०:३६
मी असते तर भरले असते. एकदा पोळलेय.

---

रविवार, १८ तारीख

ए-२०३ मानसी, संध्या. ६:४८
दिल्लीला पोचलो. नाही भरले पैसे! १६ तारखेला गजर लावून चेक-इन केलं. मी आणि मुलगी १९ बी, १९ सी. मुलगा आणि सासरे २४ डी, २४ ई. हे पार शेवटच्या रांगेत मधे, शौचालयाच्या दाराशी. भाडं ज्यांनी वाचवलं त्यांनाच ती सीट मिळाली, सासूबाई म्हणाल्या देव बघतो.

ए-१०१ पाटील काका, ६:५२
आणि सासूबाई कुठे?

ए-२०३ मानसी, ६:५५
८ ई. दोन्हीकडे तिशीतली मुलं. उतरल्यावर सांगतायत, खिडकीतला मुलगा साताऱ्याचा, बाणेरला नोकरी, अजून लग्न व्हायचंय. नंबर घेतलाय. परत येताना त्यांना माझ्याजवळची सीट मिळाली तरी नकोय म्हणे.

बी-१०३ देसाई, ६:५८
मुलाचं शिक्षण विचारून ठेवा. आमच्या भाचीसाठी बघतोय.