डीटीपीचा जुना पीसी विंडोज ७ वर आहे, अपग्रेड करू का नको?

पेठेतली_डीटीपी
नमस्कार मंडळी, नारायण पेठेत आमचं छोटं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं) काम आहे, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, मधूनच एखादा कवितासंग्रह. मेन मशीन म्हणजे दुसऱ्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क, विंडोज ७ आणि तेही जुन्या ३२ बिट धाटणीचं. त्यावर पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर, त्याचा यूएसबी डाँगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालतच नाही) मागे कायमचा खोचलेला. काम झकास चालतं पण क्रोम कधीचं अपडेट व्हायचं थांबलंय, बँकेची साइट धड उघडत नाही, आणि गिऱ्हाईक हल्ली मजकूर व्हॉट्सॲपवरच पाठवतं तो उतरवून घ्यायचा म्हणजे डोक्याला ताप. भाचा म्हणतो मावशी विंडोज अकरा टाकून देतो, तासाभराचं काम. दुकानवाला म्हणतो मशीनच बदला (तो म्हणणारच!). तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रीघ लागते, तेव्हा मशीन बसलं तर मीही बसले. अकरा जड जात असेल तर दहा टाकू का?

रॅम_आणि_श्याम
ताई दहा आता नको, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय आहे पण घरगुती वापरासाठी जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६, म्हणजे एवढा खटाटोप करून परत तिथेच. अकराला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, तुमचा दुसरा. भाचा ती तपासणी चुकवून टाकेल, जमतं ते, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. माझं मत विचाराल तर एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) लावा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे आणि या मशीनवर पळेल.

छपाईकर
श्यामराव मिंट उत्तमच, पण ताईंचा पेजमेकर आणि डाँगल त्याच्यावर चालवायचा कोणी, तुम्ही येताय का पेठेत?? 😄

ताई, प्रश्न मशीनच्या ताकदीचा नाहीये, ३२ बिटचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. तुमच्या डाँगलचा ड्रायव्हर ३२ बिटचाच असेल तर तो ६४ बिटवर लागतच नाही, डाँगलचा दिवा पेटेल पण सॉफ्टवेअर म्हणेल डाँगल सापडत नाही. शिवाय जुन्या सीडीवरचे कितीतरी सेटअप १६ बिटचे असतात, ते ६४ बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत. आणि पेजमेकर ७ हे २००१ चं, त्यानंतर पुढचं व्हर्जन आलंच नाही, ते बनवणाऱ्या ॲडोबीने लोकांना आपल्या इनडिझाइनकडे वळवलं, त्यामुळे कोणी ते तुमच्यासाठी दुरुस्त करत बसणार नाही.

त्यात तुमच्या जुन्या फायली. तो मजकूर युनिकोड (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारा) नाहीये, फॉन्ट काढला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात, आणि पत्रिकेत व्याह्यांचं आडनाव चुकलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझं मत, त्या मशीनवर काहीही अपग्रेड करू नका. नेटची वायर काढून टाका आणि ते फक्त पेजमेकरला ठेवा. बँक, व्हॉट्सॲप, मेलसाठी आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा रिफर्बिश्ड पीसी घ्या, अकरा रीतसर चालणारा, आणि घेताना बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम चालू करून दाखवायला सांगा. इंटेलमध्ये ते बऱ्याचदा पीटीटी नावाने असतं, बंद असलं की दुकानदार खुशाल सांगतो याला अकरा चालत नाही म्हणून.

खर्च करायचाच तर जुन्या मशीनच्या हार्डडिस्कवर करा. साध्या साटा एसएसडीवर क्लोन (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या, विंडोज ७ जसंच्या तसं उठतं, आणि जुनी डिस्क गुंडाळून कपाटात.

पेठेतली_डीटीपी
पटतंय, पण दोन मशीन ठेवायची कुठे हो, आमचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली आहे. आणि मजकूर इकडून तिकडे पेन ड्राइव्हनेच न्यायचा ना? गिऱ्हाईकांचे पेन ड्राइव्ह तर विचारू नका, सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसलेले असतात.

सिंहगडरोडकर
मॉनिटर एकच पुरतो. जुनं मशीन व्हीजीएने जोडा, नवं एचडीएमआयने, मॉनिटरच्या बटणाने बदलायचं. मॉनिटरला दोन्ही सॉकेट आहेत ना तेवढं मागे वाकून बघा. नवं मशीन मिनी पीसी घेतलंत तर टेबलाखाली मावेल.

पेन ड्राइव्हचं मात्र कडक पाळा, गिऱ्हाईकाचा जाईल तो फक्त नव्या मशीनला. तिथे स्कॅन करायचा, लागेल तेवढी फाइल तुमच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि तोच जुन्याला लावायचा. जुन्यावर ऑटोप्ले (पेन ड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं) बंद करून ठेवा. नेट काढलं म्हणजे व्हायरस येत नाही असं नाही, डीटीपीवाल्यांकडे तो कायम खिशातूनच आलाय. व्हॉट्सॲपवरचा मजकूर युनिकोड असतो, तो जुन्या फॉन्टमध्ये बदलायचं कामही नव्या मशीनवरच करा.

आणि सीझन संपला की नव्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्राम) विंडोज ७ टाकून डाँगल त्याला देऊन बघा. काही डाँगल ओळखले जातात काही नाही, चाललं तर जुन्या मशीनवरचा भार गेला.

पेठेतली_डीटीपी
भाच्याला सांगितलं, जरा हिरमुसला, पण क्लोन करायला रविवारी येतोय. डाँगल लावून क्लोन करायचा का काढून?

छपाईकर
क्लोनचा आणि डाँगलचा संबंध नाही, काढूनच ठेवा, उगाच कोणाचा धक्का लागून पिन वाकायची. त्याआधी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी सापडते का ते बघा. आणि नवी डिस्क जुन्यापेक्षा लहान नको, क्लोन सरळ होतो. भाच्याला म्हणावं कोणती डिस्क कुठल्यावर कॉपी होतेय ते दोनदा वाचून मगच ओके दाब.