पुण्यात क्विअर फुटबॉलची वेगळी स्पर्धा हवी की नको?

डावा विंगर (धागाकर्ता)

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात गे, लेस्बियन, ट्रान्स, एकूणच क्विअर खेळाडूंसाठी सेव्हन्सची (सात-सात जणांच्या फुटबॉलची) स्पर्धा भरवायचं घाटतंय. आठ संघ, संघात बारा जण, एकच दिवस.

कल्पना नवी नाही. आयजीएलएफए ही समलिंगी फुटबॉल संघांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९२ पासून आहे. तिची जागतिक स्पर्धा शहरं बदलत फिरते, २००७ ला बुएनोस आयरेस, २००८ ला लंडन. युरोपातले युरोगेम्सही १९९२ चेच, पहिले हेगला झाले. गे गेम्स त्याहून जुने, १९८२ चे, सॅन फ्रान्सिस्कोचे. मूळ नाव 'गे ऑलिम्पिक' होतं, पण अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने कोर्टात खेचून तो शब्द काढायला लावला आणि १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही समितीचीच बाजू घेतली. आशियात हे गेम्स पहिल्यांदा आले २०२३ मध्ये, हाँगकाँगला, तेही मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराबरोबर विभागून. आपल्याकडे इंफाळमध्ये ट्रान्स खेळाडूंचा संघ उभा राहिला. पुण्यात २०११ पासून प्राइड मिरवणूक निघते आणि टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची भाड्याची मैदानं, तर गल्लोगल्ली झालेत.

आराखडा असा: चारचे दोन गट, १२ साखळी सामने, दोन सेमी, तिसऱ्या क्रमांकाचा आणि फायनल, एकूण १६. सामना १२-१२ मिनिटांचा. एक टर्फ सकाळी सातला घेतला तर दीडच्या आत सगळं आटपतं. मतं हवीत. कडक असली तरी चालतील.

पेठेतला सेंटर-हाफ

कडकच देतो. नको.

वेगळी स्पर्धा म्हणजे आपणच आपल्याभोवती कुंपण घालून घेणं. लंडनच्या स्टोनवॉल एफसीचं उदाहरण घ्या. १९९१ चा क्लब, समलिंगी संघांच्या जागतिक स्पर्धा अनेकदा जिंकलेला. पण एरवी तो शनिवारी नेहमीच्या स्थानिक लीगमध्ये, नेहमीच्या संघांविरुद्ध खेळतो. समोरच्या टीममधल्या अकरा जणांना दर शनिवारी कळतं की हे लोक हेडर मारतात, टॅकल करतात, हरल्यावर आपल्यासारखेच चिडतात. तुमच्या एका दिवसाच्या जत्रेत हे कोणाला कळणार? आलेल्या ९६ जणांना ते आधीच ठाऊक आहे.

त्यापेक्षा एकच संघ बांधा आणि जिल्हा संघटनेच्या खालच्या डिव्हिजनमध्ये उतरवा. दोन सीझन टिकला तरी पुष्कळ झालं.

मिडफिल्ड मावशी

सेंटर-हाफ, अर्धं बरोबर बोललात. स्टोनवॉलने दोन्ही केलं हे तुम्हीच लिहिलंय, मग त्यातलं एकच का उचलता?

आणि जिल्हा लीगची नोंदणी एकदा बघून या. खेळाडूचं नाव एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत जातं, ओळखपत्र आणि फोटोसकट. 'हा त्या संघाचा' हे एकदा लागलं की लागलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला खरा, पण त्याने गुन्हा संपला. खासगी कंपनीने किंवा घरमालकाने लैंगिक कलावरून डावललं तर थेट दाद मागता येईल असा कायदा अजून नाही. ट्रान्स व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा तरी आहे. वडिलांना न सांगता हडपसरहून टर्फवर येणाऱ्या पोराला तुम्ही पहिल्याच दिवशी अधिकृत यादीत बसवणार?

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये 'मी गे आहे' हे उघड सांगण्याची किंमत काय असते ते जगजाहीर आहे. इंग्लंडच्या जस्टिन फॅशनूने १९९० मध्ये सांगितलं. त्यानंतर इंग्लंडमध्ये खेळत असताना तसं सांगणारा पुढचा व्यावसायिक खेळाडू, जेक डॅनियल्स, आला २०२२ ला. मध्ये गेली ३२ वर्षं. हिट्झल्सपर्गरसारखा जर्मन इंटरनॅशनलसुद्धा निवृत्तीनंतरच बोलला.

पेठेतला सेंटर-हाफ

गुप्ततेचा मुद्दा मान्य. पण मग तुमच्या स्पर्धेत कोण खेळणार हे ठरवणार कसं? 'मी गे आहे' असं लिहून घेणार? की कॉलेजचे तगडे नऊ स्ट्रेट (भिन्नलिंगी) स्ट्रायकर आणून ट्रॉफी नेली तर टाळ्या वाजवणार? वेगळी स्पर्धा म्हटली की दाराशी पहारेकरी आलाच.

मिडफिल्ड मावशी

पहारेकरी बसवला की काय होतं ते अमेरिकेत करून झालंय, सॉफ्टबॉलमध्ये. तिथल्या समलिंगी सॉफ्टबॉल संघटनेचा नियम होता: संघात जास्तीत जास्त दोन स्ट्रेट. २००८ ला सिॲटलच्या स्पर्धेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संघाविरुद्ध तक्रार झाली. तक्रारीनुसार खेळाडूंना एका खोलीत २५ हून जास्त लोकांपुढे बसवून कोणाचं आकर्षण वाटतं हे विचारलं, आणि दोघांचंही वाटतं म्हणणाऱ्यालाही 'नॉन-गे' ठरवून संघ बाद केला. प्रकरण कोर्टात गेलं, २०११ मध्ये तडजोड झाली आणि संघाला दुसरा क्रमांक परत मिळाला.

म्हणून दारात काहीच विचारायचं नाही. फॉर्मवर एकच ओळ ठेवा: 'ही स्पर्धा क्विअर खेळाडूंसाठी आहे, हे माहीत असून मी खेळतोय/खेळतेय.' बस.

पेठेतला सेंटर-हाफ

त्याच खटल्यात न्यायाधीशांनी स्ट्रेट खेळाडूंवर मर्यादा घालायचा संघटनेचा हक्क मान्य केला होता, ते सोयीस्करपणे गाळलंत. आणि तुमची एक ओळ त्या नऊ स्ट्रायकरांना अडवणार नाही.

शिट्टीवाला

दोघांना यलो कार्ड. आकर्षण तपासायचं नसेल तर खेळ तपासा. मोठ्या स्पर्धांत दर्जानुसार गट पाडतात ते याचसाठी. नोंदणीत 'कधीही नोंदणीकृत क्लबकडून खेळलात का' एवढं विचारा आणि एका संघात असे तीनच ठेवा. हे कागदावर तपासता येतं आणि कोणाच्या खासगीत शिरावं लागत नाही. तगडे नऊ आपोआप गळतात.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते. टर्फवर सर्रास ऐकू येणारी शिवी ('छक्का' लिहितो, बाकीच्या तुम्ही ओळखा) ही फुटबॉलच्या नियम १२ नुसार अपमानास्पद भाषा आहे आणि तिला थेट रेड कार्ड आहे. बहुतेक रेफरी 'चालू दे रे' म्हणून सोडतात. सकाळच्या ब्रीफिंगला आठही कॅप्टनसमोर हे मोठ्याने वाचा, नाहीतर तिसऱ्या सामन्याला वाद होईल. बाहेरून कोणी ओरडलं तर फिफाच्या तीन पायऱ्या आहेत: खेळ थांबवा आणि सूचना द्या, पुन्हा झालं तर संघ बाहेर काढून सामना तहकूब करा, तरीही चालूच राहिलं तर रद्द. मेक्सिकोच्या महासंघाला प्रेक्षकांच्या अशाच घोषणांपायी कितीदा दंड बसलाय, रिकाम्या स्टेडियमात खेळायची शिक्षाही झालीय.

आणखी एक. कानातलं, नाकातलं, अंगठ्या काढायच्याच. वर चिकटपट्टी लावून चालत नाही, नियम ४ स्पष्ट आहे. छेदन करून घेतलेले लोक जास्त असणार, तेव्हा आदल्या आठवड्यातच कळवा. ताजं छेदन काढलं तर बुजतं, मग मैदानावर रडारड.

खडकीचा गोली

धागाकर्ते, वाद चालू द्या, पण वेळापत्रक चुकलंय. १६ सामने गुणिले २४ मिनिटं हे ६ तास २४ मिनिटं बरोबर. मध्यंतराची ३ आणि संघ आत-बाहेर करायची ५ मिनिटं कुठे गेली? सामन्याला ३२ मिनिटं धरा. १६ × ३२ = ५१२, म्हणजे साडेआठ तास. दुपारी साडेतीनला फायनल संपणार. जानेवारीतही भरदुपारी कृत्रिम गवत इतकं तापतं की बुटाचा तळवा पोळतो आणि पडलं की गुडघ्याची सालपटं निघतात.

शेजारी-शेजारी दोन टर्फ घ्या. पण 'अ' गट एकावर, 'ब' दुसऱ्यावर असं करू नका. चार संघ एकाच मैदानावर खेळले की कोणाला ना कोणाला लागोपाठ दोन सामने येतातच, कसंही मांडा. त्याऐवजी 'अ'चे दोन्ही सामने एकाच वेळी दोन टर्फवर, मग 'ब'चे दोन्ही, पुन्हा 'अ'. सहा फेऱ्या, ३ तास १२ मिनिटं, सातला सुरू करून सव्वादहाला साखळी संपते. प्रत्येकाला दोन सामन्यांत ३२ मिनिटं विश्रांती, आणि बसलेला गट बॉल आणणं, स्कोअर लिहिणं सांभाळतो. गटातले शेवटचे दोन सामनेही एकाच वेळी होतात. १९८२ ला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने गिहोनमध्ये वर्ल्डकपात जी मिलीजुली केली, तिला वाव राहत नाही.

संध्याकाळी पाचला दोन्ही सेमी, वीस मिनिटं श्वास, मग फायनल आणि तिसरा क्रमांक एकदम. साडेसहाला मोकळे. सकाळी साडेतीन तास आणि संध्याकाळी दीड, गुणिले दोन टर्फ, १० तास. तासाला १२०० धरले तर १२,०००. संध्याकाळचा दर चढा असतो, घासाघीस आत्ताच करा. बुकिंग करताना नाव काय सांगायचं हेही ठरवून ठेवा.

डावा विंगर (धागाकर्ता)

गोली, हिशेबाची चूक कबूल. दोन टर्फ घेतो. तीनची अट आणि मावशींची एक ओळ, दोन्ही फॉर्मवर घालतो. फोटोसाठी मनगटी पट्टा: लाल पट्टा म्हणजे चेहरा नको. फोटोग्राफर एकच, बाकी मोबाइल टर्फबाहेर.

बायकांचं अडलंय. संघात दोन महिला मैदानावर हव्यातच असा नियम करावा का?

मिडफिल्ड मावशी

नको. दोनची सक्ती केली की एकीला गोलपोस्टखाली उभं करतात, दुसरीला उजव्या कोपऱ्यात, आणि पास कोणीच देत नाही. शिवाय 'दोन महिला' मोजायच्या म्हणजे ट्रान्स खेळाडूकडे बोट दाखवणारा कोणीतरी निघणारच. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने (एफए) १ जून २०२५ पासून ट्रान्स महिलांना महिला फुटबॉलमधून बाहेर ठेवलंय. तो वाद खासगी स्पर्धेत कशाला ओढून आणता? सेव्हन्स सगळ्यांना खुली ठेवा आणि सकाळी साडेदहाला, साखळी संपल्यावर, महिलांची फाइव्ह-अ-साइड घ्या. चार संघ पुरेत.

पेठेतला सेंटर-हाफ

साडेदहा ते बारा म्हणजे मगाशी ज्या तापलेल्या गवताची भीती घातली तेच गवत. पुरुष सावलीत आणि बाया उन्हात, वा. सेमीच्या आधी साडेतीन ते पाच द्या, ऊन उतरतं.

माझं मत अजूनही 'नको'च आहे. पण भरवणारच असाल तर फॉर्मवर तिसरी ओळ घाला: 'जिल्हा लीगच्या संघात यायला तयार आहात का?' अकरा होकार आले तर संघाच्या नोंदणीची कागदपत्रं मी बघतो.

खडकीचा गोली

अकरा नाही हो, सोळा तरी. आणि त्यातले दोन गोलकीपर.