चिकलठाण्यात रात्री उशिरा उतरल्यावर खोली आणि जेवण

प्रेषक: प्रशांत

मंडळी, तातडीचं आहे. शुक्रवारी मुंबईहून शेवटच्या विमानाने चिकलठाण्यात, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर उतरतोय, चौघं जण. आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय, आम्हा दोघांचे परदेशी, सोबत ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड). शनिवारी परभणी. बॅगा घेऊन बाहेर पडायला रात्रीचे अकरा वाजतील असं धरून चाललोय. दोन साध्या खोल्या हव्यात, एकेक पंधराशेच्या आत. बाबांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत, त्यामुळे पोचल्यावर काहीतरी गरम मिळायलाच हवं. सिडको बसस्थानकाजवळ एका लॉजला फोन केला, तो म्हणतो परदेशी पासपोर्ट घेत नाही. वसंतकाका, दिवाळीच्या वेळी तुम्ही एक जागा सुचवली होती, ती चालेल का?

प्रेषक: वसंतकाका

प्रशांत, ती जागा सिडकोतलीच होती आणि तेव्हा सगळे भारतीय पासपोर्टवाले होते. तुझ्यासाठी उपयोगाची नाही.

विमानतळावरून सिडको बसस्थानक चार-साडेचार किलोमीटर, रेल्वे स्टेशन नऊ-दहा. जवळ म्हणून सगळे सिडको धरतात. पण सिडको आणि मुकुंदवाडीकडच्या लॉजात मुख्यतः कामानिमित्त आलेली, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली माणसं उतरतात. परदेशी पासपोर्ट त्यांच्या काउंटरवर क्वचितच येतो. स्टेशन रोडचं तसं नाही. वेरूळ-अजिंठ्याचे परदेशी प्रवासी तिथेच उतरत आलेत, एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासही त्याच रस्त्यावर आहे. त्यामुळे तिथल्या स्वस्त लॉजांनाही त्या कागदांची सवय असते. रिक्षाला पाच-सहा किलोमीटर जास्त पडतील, पण रात्री बारा वाजता आई-बाबांना घेऊन दारोदार फिरावं लागणार नाही.

प्रेषक: राजूभाऊ

कशाला एवढं अवघड करायलाव? खोल्या आई-बाबांच्या आधारवर घ्या. दोघांचं आधार दिलं की झालं, बाकीचे दोघं सोबत. अन् परभणीलाच जायचंय तर संभाजीनगरात कशाला उतरायलाव, हैदराबादला उतरा.

प्रेषक: मीनल

राजूभाऊ, आधारचं तेवढं नको. खोलीत झोपणाऱ्या प्रत्येकाचं नाव रजिस्टरमध्ये जावं लागतं. परदेशी नागरिक उतरला की लॉजवाल्याने २४ तासांच्या आत ते ऑनलाइन कळवायचं असतं. याला सगळे अजून सी फॉर्मच म्हणतात. कायदा १ सप्टेंबर २०२५पासून नवा झालाय, पण २४ तासांची अट कायम आहे. ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे, पासपोर्ट परदेशीच राहतो. नाव लपवलं आणि तपासणी झाली, तर आधी लॉजवाला अडकतो, मग आपण.

प्रशांत, फोनवर विचारायचा प्रश्न बदल. ‘परदेशी चालतात का?’ म्हटलं की माणूस पटकन नाही म्हणतो. ‘तुमच्याकडे परदेशी पाहुण्यांचा फॉर्म ऑनलाइन भरायचं लॉगिन आहे का?’ असं विचार. असेल तर तो लगेच हो म्हणेल. लॉगिनच नसेल तर कितीही विनवण्या केल्यास तरी रात्री अकराला काही होणार नाही. आणि फोन दिवसा कर. रात्री काउंटरवर जो पोरगा असतो त्याच्याकडे पासवर्ड नसतो, मालक घरी गेलेला असतो. खोली असूनही नाही म्हणतात त्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच.

हो म्हणाला की पासपोर्टचं फोटोचं पान आणि ओसीआयचं पान व्हॉट्सॲपवर पाठवून ठेव. सोबत भारतातला पत्ता, फोन नंबर, कुठून आलात आणि पुढे कुठे जाणार तेही लिही. मुंबईला शिक्का बसला की त्या पानाचाही फोटो पाठव. म्हणजे तो फॉर्म आधीच भरून ठेवेल आणि तुम्ही थेट खोलीत जाल.

प्रेषक: राजूभाऊ

बरं, आधारचं मागे घेतो. पण हैदराबादचं खरंय. शमशाबाद विमानतळाहून पुष्पक बस रात्रभर शहरात जातात. एमजीबीएसवर, म्हणजे तिथल्या मुख्य बसस्थानकावर आलात की नांदेड, उदगीर, लातूरच्या गाड्या मिळतात. नांदेडला पोचलात तर गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात परवडणारी खोली, लंगरमध्ये जेवण. ओळखपत्र घ्या, डोक्यावर रुमाल ठेवा, बाकी काही लागत नाही.

प्रेषक: वसंतकाका

नांदेड, देगलूर, उदगीरच्या माणसाला हैदराबाद बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्रशांतचं तिकीट निघालंय आणि विमान चिकलठाण्याचं आहे. शिवाय परभणीला हैदराबादहून यायचं म्हणजे नांदेड ओलांडून पुढे यायचं, सत्तरीच्या माणसांनी ते कशासाठी करायचं? हैदराबादचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहा. लातूरकरांना तो उपयोगी पडेल.

प्रेषक: शुभांगीताई

लॉजची यादी माझ्याकडे आहे. मागच्या वेळी दोघा-तिघांनी आपापली नावं घातली आणि जुने नंबर राहून गेले, म्हणून ती फाईल कृपा करून कुणी परस्पर बदलू नका. नवी जागा कळली की मला पाठवा, मी फोन करून खात्री करते आणि मगच घालते. मीनल, लॉगिनचा रकाना आजच वाढवते, तो आधीपासूनच हवा होता.

प्रशांत, जेवणाचं सांगते, कारण याच बाबतीत सगळ्यांची फसगत होते. लॉजचं किचन साधारण साडेदहा-अकराला बंद होतं आणि सगळ्यात आधी भट्टी विझते. म्हणजे तू अकराला ‘काय मिळेल?’ विचारलंस तर रोटी, नान नाहीच. रात्री आठच्या आत फोन करून सांगून ठेव: दोन प्लेट दाल तडका, तीन प्लेट जिरा राइस, एक सुकी भाजी, चार वाट्या दही. चौघांना पुरतं. डाळ-भात झाकून ठेवला तरी परत गरम करता येतो, तव्यावरची पोळी तासाभरात वातड होते. पैसे आधी पाठवलेस तर जेवण नक्की बाजूला काढून ठेवतात. नुसत्या तोंडी ऑर्डरवर विसंबू नकोस, विमानाला उशीर झाला की ते ताट दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातं.

बाबांसाठी मात्र यावर अवलंबून राहू नकोस. मुंबईहून विमान तासाभराचं आहे, त्यात धड काही मिळत नाही. त्यांनी मुंबई विमानतळावरच संध्याकाळी नीट जेवून घ्यावं. सोबत धपाटे ठेवा, सुकी चटणी लावून. दह्यात भिजवलेले नकोत, ते मुंबईच्या दमटात आंबतात. पिठात तेलाचं मोहन घालून नुसत्या पाण्यात मळलेले दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

प्रेषक: अनिकेत

धपाट्यात दही नसेल तर ते धपाटे कसले? ज्वारी, थोडं बेसन, थोडी कणीक, दही पाहिजेच.

प्रेषक: शुभांगीताई

अनिकेत, घरी खायचे असतील तर जरूर घाल. हे प्रवासाचे आहेत.

प्रेषक: मीनल

आणखी एक, खोलीपेक्षाही स्वस्त पडेल असं. प्रशांत, तुम्ही परभणीला देवगिरी एक्सप्रेसने जाऊ शकता. ती पहाटे चारच्या सुमारास संभाजीनगरला येते. त्या गाडीचं संभाजीनगर ते परभणी कन्फर्म तिकीट काढलंस की त्या पीएनआरवर स्टेशनची रिटायरिंग रूम (स्टेशनवरच मुक्कामाची खोली) आयआरसीटीसीवर मागता येते. गाडी स्टेशनवरूनच धरायची असल्यामुळे पहाटे रिक्षा शोधावी लागत नाही. अडचण एवढीच की खोल्या मोजक्या असतात, पटापट जातात. वेटिंगच्या तिकिटावर मिळत नाहीत. जेवणही तिथे येत नाही, अकरानंतर फलाटाबाहेर चहा, ऑम्लेट, भुर्जी एवढंच. स्टेशनचं नाव बदललं तसा कोडही बदललाय, आता सीपीएसएन टाकायचा. विमानतळाचा आयएक्सयूच आहे.

प्रेषक: वसंतकाका

मीनल, हिशोब बरोबर, पण पहाटे चारची गाडी म्हणजे आई-बाबांना साडेतीनला उठवायचं. अकराला आलेल्या माणसाची झोप होते कुठे? माझं मत, लॉजवर झोपा, सावकाश उठा, नाश्ता करा आणि एसटी धरा. जालना, परभणी, नांदेडच्या गाड्या मध्यवर्ती बसस्थानकातून सुटून जालना रोडने सिडकोवरूनच जातात. वयस्कर माणसं असतील तर मात्र सुरुवातीच्या मध्यवर्ती स्थानकातच बसा, सिडकोला येईपर्यंत पुढच्या जागा भरलेल्या असतात. स्टेशन रोडवर राहण्याचा हा दुसरा फायदा, मध्यवर्ती स्थानक तिथून जवळ आहे.

प्रेषक: अनिकेत

विमानतळावरच रात्र काढली तर? मुंबईला टी-टूवर (टर्मिनल दोनवर) लोक बाकांवर झोपतात की.

प्रेषक: वसंतकाका

चिकलठाण्याला ते धरून चालू नकोस. मोजकी विमानं येतात, शेवटचं गेलं की सगळं शांत होतं. बाहेर रिक्षाही त्या विमानाच्या वेळेपुरत्याच असतात. म्हणून बॅगा आल्या की रेंगाळायचं नाही. एकाने बॅगा घ्यायच्या, दुसऱ्याने बाहेर जाऊन गाडी ठरवायची. चौघं आणि मोठ्या बॅगा एका रिक्षात मावणार नाहीत, एक टॅक्सी किंवा दोन रिक्षा. लॉजवाल्याला सांगितलं तर तो ओळखीचा गाडीवाला पाठवतो, भाडं मात्र आधी बोलून घे.

प्रेषक: सुधीरदादा

मुंबईला रात्री एकला उतरणाऱ्यांसाठीही लिहा कुणीतरी, दर वर्षी हाच प्रश्न येतो. मराठवाड्याकडे येणारी तपोवन एक्सप्रेस सीएसएमटीहून सकाळी सव्वासहाला सुटते. टी-टूहून मेट्रो थेट सीएसएमटीला जाते खरी, पण पहाटे ती इतक्या लवकर सुरू होत नाही. मेट्रोच्या भरवशावर तपोवन चुकते. टी-टूहून टॅक्सीने ठाण्याला जावं, तपोवन तिथे सातच्या आत येते आणि रस्ताही दक्षिण मुंबईपेक्षा सोपा. खोली घ्यायचीच तर मरोळ, चकाल्याकडे, पण चार तासांसाठी पूर्ण दिवसाचं भाडं पडतं.

प्रेषक: मीनल

सुधीरदादा, समृद्धी महामार्गाचंही लिहा त्यात. ५ जून २०२५पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे, पण रात्री त्या रस्त्यावर खायला फार काही नाही. पाणी आणि डबा गाडीत हवाच.

प्रेषक: प्रशांत

सगळ्यांचे मनापासून आभार. मीनलचा प्रश्न तसाच्या तसा विचारला, स्टेशन रोडवर दुसऱ्याच फोनला लॉगिन असलेला मिळाला. चौदाशे खोली, कर धरून. ॲपवरून शनिवारचं बुकिंग टाकतोय.

प्रेषक: शुभांगीताई

थांब, शनिवारचं नको! तारीख शुक्रवारची टाक. मध्यरात्र उलटून पोचलास तरी बुकिंग आदल्या तारखेचंच लागतं. शनिवारचं केलंस तर खोली दुपारी बारापासून तुझी, आणि तू तर सकाळी निघणार. चेकआउट दुपारी बाराचा की चोवीस तासांचा, तेही विचारून घे. ॲपमध्ये गावाचं नाव नीट बघ, जुनं नाव टाकलं की बिहारचं औरंगाबादही पुढे येतं. नकाशात स्टेशन रोड दिसतोय ना, खात्री कर.

बुकिंग झालं की लॉजला फोन करून ‘रात्री साडेअकरापर्यंत येतोय, खोली देऊन टाकू नका’ असं सांग आणि सांगितलेल्या माणसाचं नाव लिहून ठेव. दोनेक हजार रोख शंभर-दोनशेच्या नोटांत जवळ असू दे, परदेशी कार्ड छोट्या काउंटरवर चालत नाही. बाबांकडे दोन हजारांच्या नोटा असतील तर त्या घरीच ठेवायला सांग, रिक्षावाला घेणार नाही. आणि लॉजचा नंबर मला पाठव, यादीत घालते.