जि. प. शाळेत पर्यावरण शिक्षण आणि वर्गाबाहेरचं शिक्षण: निधी कोणाकडे मागावा, आणि कशासाठी?

काळी_माती:
जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ८६. कमी पावसाचा तालुका, वर्षाला साधारण ४५० मिमी. आवार १४ गुंठे, विहीर नाही. गावचा हातपंप मार्चनंतर गाळ ओढतो.

करायचं आहे ते असं: ४० झाडं, फुलपाखरांसाठी वाफे, पर्जन्यमापक, झाडाखाली बसून तास घेता येईल असा पार आणि प्रत्येक वर्गाच्या वर्षातून चार निसर्गफेऱ्या. जवळच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने सीएसआरसाठी (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च) दोन पानी प्रस्ताव मागितला आहे. अमेरिकेतला एक माजी विद्यार्थी लाखभर रुपये पाठवायला तयार आहे. सरकारी पैसा नेमका कुठून आणि कधी मिळतो? प्रस्तावात काय असावं, काय नसावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

हिशेबनीस:
आधी घरातला पैसा पाहा, मग कंपनीकडे जा. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत तुमच्या कामाची दोन खाती आहेत. एक, संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. तुम्ही २५,००० मध्ये येता, पण त्यातून वीजबिल, खडू, दुरुस्ती सगळं भागवायचं असतं आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. याच्या भरवशावर बाग आखू नका. दुसरं खातं युथ आणि इको क्लबचं, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या पर्यावरण मंडळाचं. कमाल मर्यादा प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १५,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपये. सातवीपर्यंत वर्ग असल्याने तुम्ही १५,००० च्या गटात बसता. मंजूर किती होतात ते त्या वर्षीच्या वार्षिक आराखड्यावर ठरतं, म्हणून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात आकडा विचारून घ्या.

खरी अडचण तारखेची. हा पैसा बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो. पीएफएमएसवर (सरकारी निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) शाळेला खर्चाची मर्यादा मिळते, रोख रक्कम खात्यात पडून राहत नाही. ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा परत जाते. झाडं तर जूनमध्ये लावायची. मग घाईघाईने मार्चमध्ये रोपं आणली जातात, फोटो निघतात आणि एप्रिलमध्ये काड्या उरतात. दुसरी चूक याहून महागात पडते. दुकानदाराला मार्चमध्ये पैसे द्यायचे आणि 'रोपं जूनमध्ये द्या' म्हणायचं. माल न मिळता बिल चुकतं केलं की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.

मार्चमध्ये न मरणाऱ्या वस्तू घ्या: टाकी, पाइप, फावडं, टिकाव, घमेली, झाडांचे पिंजरे, भिंग, तापमापक. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून घ्या आणि मागणीपत्र उन्हाळ्याच्या आधीच देऊन ठेवा. शाळा राष्ट्रीय हरित सेनेत (शाळांतल्या पर्यावरण मंडळांचा केंद्राचा कार्यक्रम) नोंदलेली नसेल तर त्याच कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात ते काम सामाजिक वनीकरणाकडे आहे.

कागद असे: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (वस्तू, अंदाजित रक्कम आणि अनुदानाचं खातं या तिन्ही गोष्टी लिहून), तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, जीएसटी बिल, साठा नोंद, कॅशबुक, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. टाकी, दुर्बीण यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), खताची नाही. खरेदीच्या ठरलेल्या मर्यादेत बसवायला एका खरेदीचे तुकडे पाडू नका. सलग क्रमांकाची दोन बिलं तपासणीत पहिल्यांदा डोळ्यात भरतात.

पाणथळ:
प्रस्ताव लिहायच्या आधी ४० हा आकडा खोडा. किती झाडं लावायची ते पाण्यावर ठरवा.

अशा भागात नव्या रोपाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १० लिटर लागतं. ४० झाडांना आठवड्याला ८०० लिटर झालं. शाळेत रोज हमखास मिळणारं पाणी एकच, पोषण आहारानंतर ताटं आणि हात धुतलेलं. मुलामागे लिटरभर धरलं तर दिवसाला ८५ लिटरच्या आसपास, सहा दिवसांच्या आठवड्यात सुमारे ५०० लिटर. त्यात २५ झाडं निघतात.

उरला सुट्टीचा काळ. शाळा बंद म्हणजे ताटंही बंद. मेपासून जूनच्या मध्यापर्यंत सहा-सात आठवडे, दर आठवड्याला ५०० लिटर, म्हणजे साडेतीन हजार. ५,००० लिटरची टाकी पुरते आणि थोडं हाताशी राहतं. छपराचं क्षेत्रफळ १६० चौ. मी. धरू आणि २० टक्के पाणी वाया गेलं समजू, तरी टाकी भरायला ३९-४० मिमी पाऊस लागतो. ४५० मिमीच्या गावात तो पडतोच. फक्त परतीच्या पावसात भरलेली टाकी मेपर्यंत उघडायची नाही, असा ठरावच करून ठेवा. नाहीतर दिवाळीनंतर व्हरांडा धुण्यात ती संपते.

बांधताना चुका कुठे होतात? पहिल्या पावसाचं पाणी वेगळं काढत नाहीत. १६० चौ. मी. वर पहिला एक मिमी म्हणजे १६० लिटर पाणी, त्यात पारव्यांची घाण आणि धूळ. २०० लिटरचं पिंप बसवा, तळाला तोटी द्या आणि प्रत्येक पावसानंतर ती सोडा. पन्हाळीला उतार देत नाहीत, मग पाणी मध्येच सांडतं. टाकी पांढरी किंवा अर्धपारदर्शक घेतात आणि आत शेवाळ धरतं. काळी घ्या. तोंडाला आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी लावा, नाहीतर डासांची पैदास होऊन आरोग्यसेवक तुम्हालाच नोटीस देतील, आणि ते बरोबरच असेल.

धुण्याचं पाणी थेट बुंध्याशी सोडू नका. तेल आणि अन्नकण मुळाशी साचून कुजतात. खाली खडी, मध्ये विटांचे तुकडे, वर वाळू असा ३ फुटी गाळखड्डा करा आणि वरची वाळू महिन्यातून एकदा धुवा. भांड्यांना पावडरऐवजी राख वापरता आली तर उत्तम.

खड्डे मेमध्ये २ × २ × २ फूट काढून तापू द्या, जूनच्या सुरुवातीला दोन घमेली शेणखत आणि वरची माती मिसळून भरा. चांगला पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेली की लागवड करा, पहिल्या शिडकाव्याला नको. करंज, कडुनिंब, बहावा, कांचन, शिरीष चालतील. उंबर एकच लावा, तोही इमारतीपासून आणि टाकीपासून लांब. फुलपाखरांसाठी वाफ्यापेक्षा खाद्यवनस्पती महत्त्वाच्या: कढीपत्ता आणि लिंबू (त्यावर लाइम फुलपाखराच्या अळ्या येतात), रुई (त्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या). अळ्या पानं खातात म्हणून फवारणी करायची नाही, हे पोषण आहाराची परसबाग सांभाळणाऱ्यांनाही सांगून ठेवा. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, ती कुंपणाकडेला लावा.

सीएसआर_वाला_नव्हे:
आता प्रस्ताव. नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करण्याचा नियम सगळ्या कंपन्यांना लागू नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी असावं लागतं. अनुसूची ७ मध्ये शिक्षण दुसऱ्या बाबीत येतं आणि पर्यावरण चौथ्या. प्रस्तावात दोन्ही लिहा, म्हणजे कंपनीला सोयीच्या रकान्यात टाकता येईल.

पैसे शाळेच्या खात्यात मागू नका. कंपनी एकतर स्वतः खर्च करते, किंवा सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थांची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी) असलेल्या संस्थेमार्फत. ही नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. बाहेरची संस्था असेल तर १२अ, ८०जी (आयकराच्या नोंदण्या) आणि तीन वर्षांचं काम लागतं. तुमच्यासाठी सोपी वाट म्हणजे कंपनीनेच टाकी, पन्हाळी, पिंजरे विकत घेऊन बसवून द्यावेत आणि हस्तांतरण पत्रावर मुख्याध्यापकांची सही व्हावी. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, त्यामुळे हे पत्र त्यांनाही हवंच असतं.

बहुतेक शाळा 'पर्यावरण दिनाचा भव्य कार्यक्रम' मागतात. एकदाच होणारे सोहळे, मॅरेथॉन, बक्षीस समारंभ सीएसआरमध्ये धरू नयेत असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केलं आहे. उलट 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी घेतली तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्च करता येतो. झाडांना हेच हवं. पहिल्या वर्षी टाकी, पिंजरे, अवजारं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त देखभाल: मेलेल्या झाडांच्या जागी नवी (पाचेक धरा), सुट्टीत पाणी घालणाऱ्या व्यक्तीचं मानधन, निसर्गफेऱ्यांचा खर्च, वेळ पडली तर एखादा टँकर. हे मानधन जवळपास कोणीच लिहीत नाही, आणि झाडं मरतात ती त्याच सात आठवड्यांत. पोषण आहाराच्या स्वयंपाकी ताई गावातच असतात. त्या तयार असतील तर नावासह नाही, पण पदासह लिहा.

'विद्यार्थ्यांमध्ये जागृती निर्माण होईल' हे वाक्य काढून टाका, ते कोणालाच मोजता येत नाही. त्याऐवजी: पुढच्या वर्षी १५ जूनला २५ पैकी किती झाडं जिवंत, त्यांची यादी आणि फोटो; पावसाच्या रोजच्या नोंदींची वही; सात वर्ग × चार फेऱ्या = २८ फेऱ्यांचे दिनांक. दोन पानांत एवढं पुरे. आवाराचा हाताने काढलेला नकाशा जोडा, त्यात उत्तर दिशा, छपराचा उतार, टाकीची जागा आणि झाडांचे क्रमांक असावेत. छापील ब्रोशरपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मुलांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी संमती आधी घ्या. फलक केवढा आणि कुठे हेही समितीने ठरवून पत्रात लिहावं, नाहीतर झाडापेक्षा फलक मोठा होतो.

दूरदेशी:
अमेरिकेतल्या पैशाबद्दल. पहिला प्रश्न, पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही ती व्यक्ती विदेशी स्रोत. मग ते पैसे एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय समितीच्या खात्यात घेऊ नका, 'छोटीच रक्कम आहे' हे कारण चालत नाही. नोंदणी असलेल्या संस्थेने घेऊन तुम्हाला वळते करणंही २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. त्या संस्थेने स्वतःच तुमच्या शाळेत खर्च केला पाहिजे. पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवा.

काळी_माती:
पासपोर्ट भारतीयच आहे, विचारून घेतलं. २५ झाडांचा हिशेब पटला. आता तीन शंका. टाकी ग्रामपंचायतीकडून होईल का? आणि पर्जन्यमापक विकतचा घ्यावा की बनवावा? निसर्गफेऱ्यांसाठी गाडीचा खर्च किती धरायचा?

हिशेबनीस:
टाकीसाठी जरूर विचारा. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) रचनेत ग्रामपंचायतीच्या निधीतला ३० टक्के हिस्सा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखून ठेवलेला होता. सध्याच्या वर्षाची विभागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) बघून घ्या. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं तरच होतं, आणि आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. शाळेचं पत्र त्याआधी जावं, त्यात छपराचं क्षेत्रफळ आणि टाकीचे लिटर लिहावेत. 'टाकी मिळावी' एवढंच लिहिलं तर कोपऱ्यात पडतं. पंचायतीने हो म्हटलं तर कंपनीच्या प्रस्तावातून टाकी वगळा. एकाच वस्तूचं बिल दोन निधींना लागलं की दोघेही हात आखडतात.

पाणथळ:
पर्जन्यमापक बनवा. २० सेंमी व्यासाचं नरसाळं, खाली कॅन. नरसाळ्याचं तोंड ३१४ चौ. सेंमी, म्हणून ३१.४ मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. मोजपात्राने मोजा आणि ३१.४ ने भागा. पाचवीपासूनच्या मुलांना हा भागाकारच चांगला सराव. बाटली कापून पट्टी लावण्याची युक्ती चुकते, कारण शीतपेयाच्या बाटलीचा तळ खळग्यांचा असतो. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या, हवामान खात्याची वेळही तीच. भिंतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. रविवारी कोण मोजणार ते आधी ठरवा, नाहीतर सोमवारी दोन दिवसांचा पाऊस एका रकान्यात पडतो.

खरेदी करायचीच तर १०x ची हातभिंगं दहा, ८×४० ची दुर्बीण एक, कमाल-किमान तापमापक एक. सूक्ष्मदर्शक नंतर. चौकट पीव्हीसी पाइपची १ × १ मीटर बनवा, तिच्यातल्या वनस्पती मोजणं हा एक आख्खा तास आहे.

फेऱ्यांना गाडी कशाला? चारपैकी तीन फेऱ्या शाळेपासून दीड किलोमीटरच्या आत करा: ओढा (पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही), देवराई किंवा जुना वड, एखादं शेत. खर्च फक्त प्रथमोपचार पेटीचा. चौथी लांबची असेल तर एसटी, शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. आगाराला पत्र द्या, आणि शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, मुली असतील तर सोबत शिक्षिका, हे सगळं आरक्षणाआधी हातात हवं. वनक्षेत्रात जाणार असाल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना निदान पंधरा दिवस आधी लिहा, सोबत मुलांची संख्या, वेळ आणि वाट द्या.

सीएसआर_वाला_नव्हे:
एक राहिलं. कंपन्यांचं वार्षिक नियोजन एप्रिल ते जूनमध्ये होतं आणि जानेवारी-मार्चमध्ये उरलेले पैसे संपवायची धावपळ असते. तुमचा प्रस्ताव दोन्ही वेळा पाठवा. जानेवारीच्या प्रतीत लागवड लिहू नका, फक्त टाकी, पन्हाळी आणि पिंजरे लिहा.