आपली डीपी, गाड्यांचे चार्जिंग आणि उन्हाळ्याच्या रात्री

सचिव (प्लॉट ३): सर्वांना नमस्कार. आपल्या ले-आउटमध्ये आता बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटर झाल्या असून एक कारही आली आहे. संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यान मागच्या ओळीत व्होल्टेज इतका उतरतो की कूलरचा पंप पाणी चढवत नाही, अशी तक्रार आहे. हे गाड्यांमुळे होते का, यावर वीज खात्यातून निवृत्त झालेल्या सरांनी कृपया मत द्यावे.

प्लॉट ११: सगळा दोष गाड्यांना देणे अन्यायाचे होईल, पण त्यांचा वाटा नाही असेही म्हणता येणार नाही. आपली डीपी, म्हणजे ले-आउटचा ट्रान्सफॉर्मर, ६३ केव्हीए क्षमतेची आहे; पूर्ण भाराला प्रत्येक फेजवर (पुरवठ्याच्या तीन तारांपैकी प्रत्येकीवर) साधारण ८४ अँपिअर मिळतात. स्कूटरचा चार्जर पाऊण किलोवॅटच्या आसपास, म्हणजे चार-पाच कूलरांइतकी वीज घेतो. कार पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावली तर सुमारे ३.३ किलोवॅट लागतात. मात्र भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा सिंगल फेज चार्जर बसवला, तर ती एकटीच ३२ अँपिअर ओढते. फेजच्या क्षमतेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एकाच घरात गेल्यावर त्याच फेजवरच्या टोकाच्या घरांना काय उरणार? नियमाप्रमाणे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो, म्हणजे दाब २१६ च्या खाली जाऊ नये.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ‘गाडी रात्री लावा, तेव्हा भार कमी असतो’ हा सल्ला पुण्याकडे ठीक असेल. चंद्रपूर, वर्धा, अकोला या पट्ट्यात पारा ४५ अंशांवर गेला की कूलर रात्रभर चालतात आणि डीपीला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांवरील कागदी इन्सुलेशनचे तापमान मर्यादेपलीकडे गेले, की पुढच्या दर ६ अंशांना ते जवळपास दुप्पट वेगाने जीर्ण होत जाते. डीओ (डीपीचा फ्यूज) उडाला तर लाईनमन येऊन बसवून देतो. डीपीच जळाली तर नवी येईपर्यंत बोअरही बंद.

प्लॉट ६: सर, मी सकाळी आठला आरोग्य उपकेंद्रावर जाते आणि अंधार पडता पडता परतते. मग स्कूटर संध्याकाळी नाही तर केव्हा लावावी?

प्लॉट ११: ताई, अडचण स्कूटरची नसून वेळेची आहे. चाळीस किलोमीटरच्या फेरीला दीड युनिटच्या आत वीज पुरते, म्हणजे दोन तासांचे काम. टायमर लावून ते पहाटे चार ते सहा या वेळात उरकावे. तेव्हा हवा सर्वांत थंड असते आणि स्वयंपाकघरे व पाण्याच्या मोटारी सुरू झालेल्या नसतात. कारलाही तेवढ्याच अंतरासाठी साधारण सहा युनिट लागतात, ते साध्या सॉकेटवर दोन तासांत भरतात. त्यामुळे रोज तालुक्याला जाऊन येणाऱ्याला मोठ्या चार्जरची गरज मला तरी दिसत नाही.

प्लॉट ९: कार माझीच आहे. दुकान घरासमोर असल्याने ती दुपारी उभीच असते आणि छतावर ३ किलोवॅटचे सोलर आहे. शिवाय स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळात दरात सवलत आहे. यापुढे गाडी दुपारीच लावेन.

प्लॉट ११: उत्तम. कडक उन्हात पॅनेल जवळजवळ चार्जरपुरती वीज देईल आणि डीपीवर त्याचा भार नगण्य राहील. पावसाळी आभाळात मात्र हा हिशेब चालणार नाही. तरीही भिंतीवरचा चार्जर कोणाला हवाच असेल, तर त्याने आधी मंजूर भार (वीज कंपनीने घराला मंजूर केलेले किलोवॅट) वाढवून थ्री फेज जोडणी मागावी. घरे तिन्ही फेजवर सारखी वाटून घेण्यासाठीही आपण लेखी अर्ज देऊ, पण खांबावर कोणी स्वतः चढू नये. आणि बिलांवर मंजूर भार कमीच दिसत राहिला, तर १०० केव्हीएची डीपी कोणत्या आधारावर मागणार?

सचिव (प्लॉट ३): प्रत्येकाने चालू बिलाचा फोटो रविवारपर्यंत मला पाठवावा, म्हणजे एकत्रित अर्ज तयार करता येईल.

प्लॉट १४: आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही. बिलावर मंजूर भार अर्धा किलोवॅट आहे आणि घरात दीड टनाचा एसी चालतो. आम्हीही अर्ज करायचा का?

प्लॉट ११: भाऊ, सर्वांत आधी तुम्हीच करा.