जीआर ८६ की बीआरझेड? एकाच कारखान्यातल्या दोन गाड्यांमधून निवड करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी एक साधी, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक वापरत आहे. मुले आता आपापल्या वाटेला लागली असून मागची सीट बहुतेक वेळा रिकामीच असते, म्हणून मॅन्युअल गिअरची, मागच्या चाकांवर चालणारी दोन दारांची गाडी घ्यायची ही जुनी हौस या वर्षी पुरी करायचे ठरवले आहे. शोध घेता घेता निवड टोयोटा जीआर ८६ आणि सुबारू बीआरझेड या दोहोंवर येऊन अडली आहे. ही एकाच गाडीची दोन नावे आहेत असे निम्मे जाणकार मला सांगतात, आणि उरलेले निम्मे जाणकार दोन्ही गाड्यांचे स्वभाव पूर्ण वेगळे असल्याचे तितक्याच ठामपणे सांगतात. दोन्ही बाजूंची माणसे विश्वासू असल्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

मला आतापर्यंत जे समजले आहे ते आधी मांडतो, म्हणजे त्यात चूक असल्यास ती दाखवता येईल.

टोयोटाने २००५ साली जनरल मोटर्सकडून सुबारूच्या मूळ कंपनीचे, म्हणजे फुजी हेवी इंडस्ट्रीजचे, सुमारे ८.७ टक्के भाग घेतले आणि एप्रिल २००८ मध्ये दोघांनी मिळून मागच्या चाकांवर चालणारी एक छोटी स्पोर्ट्‌स कार बनवायची घोषणा झाली. टोयोटाकडे तेव्हा अशी गाडीच उरली नव्हती, आणि सुबारूची ओळख चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांची असल्यामुळे तिने एकटीने हे धाडस केले असते असे मला वाटत नाही. २०१२ मध्ये पहिली पिढी बाजारात आली. दोन्ही नावांच्या गाड्या जपानमधल्या गुन्मा इथल्या सुबारूच्या कारखान्यातच तयार होतात. इंजिन सुबारूचे, चार सिलिंडरचे, आडवे पसरलेले. पिस्टन उभे न धावता डावी-उजवीकडे धावत असल्यामुळे ते बॉनेटखाली फार खाली बसवता येते आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ राहतो. इंधन सोडण्याची यंत्रणा मात्र टोयोटाची आहे. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर, असा नावाशी जुळणारा योग त्यांनी साधला होता, आणि ते नाव आले १९८० च्या दशकातल्या एई८६ कोरोलावरून. ओळखीच्या एका गृहस्थांकडे पहिल्या पिढीची टोयोटा आहे. तिचे बॉनेट त्यांनी उघडून दाखवले, तेव्हा इंजिनावरच्या इनटेकवर (हवा आत घेणाऱ्या भागावर) टोयोटा आणि सुबारू ही दोन्ही नावे शेजारीशेजारी ठसठशीत कोरलेली दिसली. लग्नपत्रिकेवर दोन्ही घराण्यांची नावे असावीत तसे ते दृश्य होते.

दुसऱ्या पिढीत इंजिन १९९८ सीसीवरून २३८७ सीसीचे झाले. पहिल्या पिढीत साधारण चार हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) आसपास टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, खाली बसायचा, ती तक्रार आता संपली आहे असे म्हणतात, कारण नव्या इंजिनात २५० न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळतो. तोच आकडा पूर्वी २०५ होता आणि तो मिळवण्यासाठी ६४०० च्या पुढे जावे लागत असे. मला घ्यायची आहे ती ही दुसरी पिढी.

प्रतिस्पर्ध्यांनी मिळून केलेल्या इतर स्पोर्ट्‌स गाड्यांमध्ये ग्राहकाची अशी कोंडी होत नाही, हेही या निमित्ताने लक्षात आले. टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड४ या दोन्ही ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात जुळल्या, दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २४७० मिलिमीटर आणि इंजिनेही बीएमडब्ल्यूचीच. परंतु सुप्राला पक्के छत आहे आणि झेड४ चे छत उघडते, त्यामुळे घेणाऱ्याचा निर्णय वाऱ्याची आवड असण्या-नसण्यावर होतो. माझदा एमएक्स-५ आणि फियाट १२४ स्पायडर या दोन्ही हिरोशिमात बनत होत्या आणि दोन्ही उघड्या छताच्या होत्या, पण फियाटने स्वतःचे १.४ लिटरचे टर्बो इंजिन इटलीहून पाठवले आणि बाहेरचा पत्राही वेगळा घडवला. ८६ आणि बीआरझेड यांच्यात मात्र छत तेच, इंजिन तेच, दारे तीच. फरक उरतो तो समोरच्या बंपरचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सस्पेन्शनचा, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणाऱ्या स्प्रिंग आणि दांड्यांच्या रचनेचा.

सस्पेन्शनबद्दल मला समजले ते असे, की बीआरझेडचे पुढचे स्प्रिंग ८६ पेक्षा कडक आणि मागचे मऊ आहेत. बीआरझेडचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीच्या एका बाजूला झुकण्याला आवर घालणारी दांडी, पोकळ, तर ८६ चा भरीव आहे. बीआरझेडचा मागचा बार थेट बॉडीला बसवला आहे, तर ८६ चा सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या सांगाड्याला. बीआरझेडच्या पुढच्या चाकांचे स्टीअरिंग नकल (चाक ज्यावर बसते आणि वळते ते सांधे) अॅल्युमिनियमचे आहेत, तर ८६ चे लोखंडी. कागदावर ही यादी मोठी दिसते. रस्त्यावर ती किती उरते, हाच माझा प्रश्न आहे.

दोन्ही गाड्या मी एकेकदा, प्रत्येकी सुमारे अर्धा तास चालवल्या. आत बसल्यावर डोळे मिटून सगळीकडे हात फिरवला, तर स्टीअरिंगच्या मधल्या चिन्हाखेरीज कशावरूनही कोणती गाडी ते कळणार नाही. उताराचे एक लांब उजवे वळण आहे, जे शेवटाकडे अधिक आवळत जाते. तिथे ८६ चालवताना मी मध्येच अॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला, तेव्हा मागचा भाग अगदी हलकेच बाहेर सरकला आणि पाठीला तो आधी जाणवला, हातांना नंतर. बीआरझेडने त्याच जागी, माझ्या अंदाजाने त्याच वेगात, वळणातली आपली वाट सोडली नाही. त्या एका क्षणामुळे मी अर्धवट बीआरझेडच्या बाजूचा झालो आहे. पण एका वळणावरून इतका मोठा निर्णय घेणे मलाच पटत नाही.

म्हणून अनुभवी मंडळींना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मला जाणवलेला फरक खरोखर सस्पेन्शनचाच असेल का? एका गाडीचे भाग दुसरीला लावून हा फरक नंतर पुसता येतो का, म्हणजे निवड चुकली तरी सुधारता येईल का? आणि सुटे भाग व देखभालीच्या दृष्टीने, सुबारूने बनवलेली गाडी टोयोटाच्या नावाने घेतल्यास काही गैरसोय होते का? रंग, किंमत आणि पुनर्विक्री यांवर मला सल्ला नको आहे.

पहिला प्रतिसाद

आपली मांडणी वाचून आनंद झाला, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यात आलेली नाही. आपण चालवलेल्या दोन्ही गाड्यांची चाके एकाच मापाची होती का? या गाड्या अनेक ठिकाणी दोन प्रकारच्या चाकांवर विकल्या जातात. १७ इंची चाकांवर मिशेलिन प्रायमसी एचपी टायर येतात आणि १८ इंची चाकांवर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. प्रायमसी हा मुळात शांतपणे, कमी घर्षणाने धावणारा टायर आहे. पहिल्या पिढीला तो मुद्दाम दिला होता, म्हणजे कमी वेगातही मागची चाके सरकवण्याची गंमत घेता यावी. पायलट स्पोर्ट ४ कितीतरी अधिक घट्ट पकडतो. एक गाडी एकावर आणि दुसरी दुसऱ्यावर असेल, तर आपण स्प्रिंगची नव्हे, टायरची तुलना केली आहे. शिवाय हवेचा दाब दोन्हींत सारखा होता की नाही, आणि टायर गरम झाले होते की गार होते, हेही पाहायला हवे. चाचणीची गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की दाब हमखास उतरलेला असतो.

दुसरा प्रतिसाद

माझ्याकडे चार वर्षांपासून बीआरझेड आहे, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. स्प्रिंग आणि डॅम्पर (स्प्रिंगची उसळी शमवणारे भाग) बदलणे अवघड नाही आणि कित्येक मालक ते करतात. मात्र मागच्या अँटी-रोल बारची सरळ अदलाबदल होईल असे गृहीत धरू नका, कारण तो बसवण्याची जागाच दोन्हींत वेगळी आहे, हे आपणच लिहिले आहे. ज्याला गाडीचा स्वभाव पुढे बदलायचा आहे त्याने पहिल्या दिवशी फक्त व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन) नीट तपासून घ्यावे आणि निदान एक पावसाळा तरी गाडी आहे तशी चालवावी. बरेच जण पहिल्याच महिन्यात स्प्रिंग बदलतात आणि मग मूळ गाडी कशी होती हे त्यांना कधीच कळत नाही.

देखभालीबद्दल सांगायचे तर, नावापेक्षा मेकॅनिकचा हात महत्त्वाचा. आडव्या इंजिनात स्पार्क प्लग वरून दिसत नाहीत, ते दोन्ही बाजूंना बॉडीच्या पत्र्याकडे तोंड करून असतात. उभ्या इंजिनाची सवय असलेला माणूस तिथे हात घालताना वैतागतो आणि घाई करतो. म्हणून ज्या ठिकाणी गाडी देणार आहात तिथे याआधी असे इंजिन कधी उघडले आहे का, एवढेच विचारा. पाटी कोणत्या कंपनीची आहे ते नंतर बघा.

तिसरा प्रतिसाद

थोडी भर घालतो. या दोघांना प्रतिस्पर्धी म्हणणे आता अर्धेच खरे आहे, कारण २०२० पासून सुबारूचे २० टक्के भाग टोयोटाकडे आहेत. बीएमडब्ल्यू आणि टोयोटा यांचे तसे नाही. तिथे २०११ च्या अखेरीस डिझेल इंजिन आणि बॅटरीसंशोधनावरून बोलणी सुरू झाली आणि त्यातून पुढे स्पोर्ट्‌स कार निघाली. मूळ मापे ठरल्यावर दोन्ही पथके आपापल्या गाडीवर स्वतंत्रपणे काम करू लागली. ८६ आणि बीआरझेडच्या बाबतीत गाडी इतकी सामाईक ठेवली गेली, की वेगळेपण दाखवायला सस्पेन्शनखेरीज फारशी जागाच उरली नाही. माझ्या मते म्हणूनच त्यांनी नकल आणि बारपर्यंत जाऊन वेगळेपण शोधले. तो फरक खोटा नाही, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा मोठाही नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार, आणि पहिल्या प्रतिसादकांचे विशेष, कारण त्यांनी माझी चूक नेमकी पकडली. मी जाऊन पाहिले, तेव्हा मी चालवलेली ८६ १७ इंची चाकांवर होती आणि बीआरझेड १८ इंची चाकांवर. म्हणजे पाठीला जो क्षण जाणवला आणि ज्यावरून मी एवढे लांबलचक लिहिले, त्याचा मोठा वाटा प्रायमसी टायरचा होता.

काल दोन्ही गाड्या पुन्हा चालवल्या, या वेळी दोन्ही १८ इंची चाकांवर. हवेचा दाब निघण्यापूर्वी स्वतः मोजला. एका गाडीचे मागचे उजवे टायर खरोखरच बरेच उतरलेले होते, ते भरून घेतले. त्याच उतारावरच्या उजव्या वळणावर अॅक्सिलरेटर सोडला तेव्हा ८६ ची सरक जवळजवळ नाहीशी झाली. फरक उरला तो दुसऱ्याच जागी. वळणाच्या सुरुवातीला स्टीअरिंग पहिल्यांदा थोडेसे फिरवताना बीआरझेडचे नाक लगेच वळते आणि मागचा भाग शांतपणे मागोमाग येतो. ८६ मध्ये दोन्ही टोके एकदम हलल्यासारखी वाटतात, आणि वळणातच खडबडीत रस्ता आला की मागचा भाग अधिक चुळबूळ करतो. गंमत करायला निघालेल्या माणसाला ८६ आवडेल. मला ही गाडी रोज, भर पावसातही चालवायची आहे, म्हणून मी बीआरझेडकडेच झुकलो आहे, फक्त आता कारण वेगळे आहे.

एक शंका मात्र राहिली आहे. बीआरझेड १८ इंची चाकांवर घेऊन पुढे हौस म्हणून १७ इंची चाकांचा वेगळा संच, प्रायमसीसारख्या कमी पकडीच्या टायरसह, ठेवण्याचा विचार आहे. ज्यांनी असे दोन संच आलटून पालटून वापरले आहेत त्यांनी कृपया सांगावे, की कडक पुढच्या स्प्रिंगवर कमी पकडीचे टायर बसवल्यास वळणात आधी पुढची चाके बाहेर ओढली जातात का. तसे होत असेल, तर तो संच घेण्यात अर्थ नाही.