मदत हवी आहे: कोथिंबिरीच्या फुलांवरच्या बारीक गांधीलमाश्या, दोन जाती वेगळ्या कशा ओळखायच्या?

माळरान
ठिकाण: कोरेगाव तालुका, जि. सातारा. धन्यासाठी सोडलेल्या कोथिंबिरीवर जानेवारीत ऊन चढलं की बारीक काळे-पिवळे कीटक येतात. लांबी ५ ते ६ मिमी, अंग गुळगुळीत, पायांवर परागाचे गोळे नाहीत, पण पराग खाताना स्पष्ट दिसतात. त्यामुळे परागावर जगणाऱ्या गांधीलमाश्या, म्हणजे मॅसरिनी असाव्यात असं वाटतंय. दोन जाती दिसतात. एकीचा चेहरा सबंध पिवळा, दुसरीच्या डोळ्यांलगत फक्त दोन पिवळ्या पट्ट्या. बाकी सगळं सारखं. १० पटीचं भिंग आणि मोबाईलची मॅक्रो लेन्स आहे. नक्की कसं करायचं? कास पठारावरूनही नमुने आणून ताडून पाहिले तर चालेल का?

बारीकभिंग
जातीचं नंतर बघू, आधी ही गांधीलमाशी आहे का ते ठरवा. वर्णनावरून मला ही हायलियस वाटतेय. ती मधमाश्यांच्या गोतावळ्यातली एकांडी माशी आहे. तिच्या पायांवर पराग गोळा करणारे केस नसतात, पराग गिळून पोटातून नेते. मॅसरिनीही नेमकं हेच करतात, म्हणून 'पायांवर गोळे नाहीत' या खुणेवर काही ठरत नाही. पुढच्या पंखातल्या सबमार्जिनल कप्प्यांवरही (शिरांनी आखलेली पुढच्या कडेजवळची घरं) जाऊ नका. हायलियसमध्ये दोन आणि बहुतेक मॅसरिनींमध्येही दोनच. तीन असले आणि बसताना पंख लांबीत घडी पडलेले दिसले, तर ती कुंभारमाशीच्या कुळातली.

खरी खूण खांद्यावर आहे. पुढच्या पंखाच्या मुळाशी खवल्यासारखी छोटी टोपी असते, तिला टेग्युला म्हणतात. डोक्यामागचं कडं, म्हणजे प्रोनोटम, मागे सरकत थेट या टोपीला भिडत असेल तर गांधीलमाशी. टोपीच्या अलीकडे, थोडं खाली, गोल गुठळीसारखं संपत असेल तर मॅसरिनी नाही, बहुधा मधमाशी (खणणाऱ्या काही गांधीलमाश्यांतही अशी गुठळी असते). हायलियसमध्ये बऱ्याचदा त्या गुठळीवरच पिवळा ठिपका असतो, त्यामुळे १० पटीतही दिसतं. शिवाय मिशा बघा. मॅसरिनीच्या मिशांची टोकं गदेसारखी जाड असतात, हायलियसच्या शेवटपर्यंत जवळपास सारख्या. मॅसरिनींचा जोर दक्षिण आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर आणि अमेरिकेचा पश्चिम भाग अशा कोरड्या मुलखांत आहे. आपल्या शेतात त्या भेटण्याची आशा मी तरी धरणार नाही.

आता तुमच्या 'दोन जाती'. मिशांचे सांधे मोजा: नर १३, मादी १२. पोटाचे वरून दिसणारे खंड: नर ७, मादी ६. हायलियसच्या नराचा चेहरा सहसा भरून पिवळा असतो, मादीला डोळ्यांलगत पट्ट्या. पिवळ्या चेहऱ्याचे सगळे १३ आणि पट्टीवाल्या सगळ्या १२ निघाल्या, तर बहुधा एकाच जातीची जोडी तुमच्यासमोर आहे. तशीच माशी, तेच फूल, तीच वेळ, हे त्याच्याशी जुळतंही.

माळरान
खांद्याची गुठळी दिसली, ठिपका पिवळाच आहे. मिशा मोबाईलमध्ये नीट मोजता येत नाहीत, चमक फार येते.

कृष्णाकाठ
काळ्या गुळगुळीत अंगावर थेट एलईडी मारलात तर चमकच येणार. कागदी कपाचा तळ कापा, आतून ट्रेसिंग पेपर लावा, नमुना मध्ये ठेवा आणि उजेड बाहेरून दोन्ही बाजूंनी द्या. चेहऱ्याचा फोटो अगदी समोरून हवा. डोकं थोडं कललं तरी पिवळ्या डागाचा आकार बदललेला दिसतो आणि कागदोपत्री नवीन 'जात' जन्माला येते. खाली मिलिमीटरचा आलेख कागद ठेवा.

बारीकभिंग
खरी जात ठरवायची असेल तर पिवळ्या रंगाचा नाद सोडा. एकाच जातीत तो कमी-जास्त होतो. नर घ्या. त्याच्या पोटाखालची सातवी आणि आठवी पट्टी (कवचाची, पिवळी नव्हे) आत लपलेली असते, तिचा आकार आणि जननांग यांवर निर्णय होतो. मिशीच्या पहिल्या सांध्याची रुंदी आणि पोटाच्या पहिल्या खंडावरचे खड्डे दाट की विरळ, हेही टिपा, पण आधाराला.

नमुना फ्रीजरमध्ये २४ तास ठेवून मारा. सायनाइडने पिवळा रंग तांबूस पडतो, आणि इथिल अॅसिटेटने डीएनए खराब होतो. सुकून कडक झाला असेल तर बंद डबीत ओल्या टिश्यूवर रात्रभर ठेवा, बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचा एक खडा टाका. पोटाचं टोक मऊ झालं की बारीक वाकवलेल्या सुईने जननांग बाहेर ओढा, दोन्ही पट्ट्या त्याच्यासोबत सोडवून घ्या. मग १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये काही तास. मऊ भाग विरघळून कडक भाग उरला की काढा. विसरून ठेवलंत तर सातव्या पट्टीचे नाजूक पंखे इतके पारदर्शक आणि लुळे होतात की कडाच दिसत नाहीत. अॅल्युमिनियमची वाटी अजिबात नको, पोटॅश ती खातो. काच घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला. बाहेर काढल्यावर पाण्यात व्हिनेगरचा थेंब टाकून धुवा, मग ग्लिसरीनमध्ये बघा. कव्हरस्लिप ठेवू नका, दबून आकार पसरतो आणि चित्राशी जुळत नाही. शेवटी छोट्या नळीत ग्लिसरीनसह नमुन्याच्याच टाचणीवर लावा. हे काम ४० पटीच्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

एवढ्या बारीक माशीत टाचणी आरपार घातली तर छाती फुटते. पुठ्ठ्याचा टोकदार त्रिकोण कापून टोकावर उजव्या कुशीने चिकटवा. पाण्यात सुटणारा पांढरा गोंद बरा, आणि गोंद खांद्यावर जाऊ देऊ नका, तिथलीच खूण आपल्याला हवी आहे.

रानकवला
कासचं उत्तर सरळ 'नाही' असंच. पठार वनखात्याच्या ताब्यात आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत. लेखी परवानगीशिवाय तिथून माशीही उचलायची नाही. फोटो काढा, पण फुलांत उतरून नव्हे. स्वतःच्या बांधावर अजून बरंच सापडेल: हायलियसची जीभ आखूड असते, म्हणून धने, बडीशेप, सोनकी अशी उथळ फुलं बघा. बोरूच्या पोकळ काड्या बांधून टांगल्या तर घरटीही मिळतात. आतलं अस्तर सेलोफेनसारखं चकचकीत. एकाच काडीतून नर-मादी दोन्ही बाहेर पडले तर तुमच्या जोडीचा प्रश्नही तिथेच सुटतो.

माळरान
जुन्या पुस्तकात हायलियस सापडत नाही.

बारीकभिंग
ब्रिटिश भारतातल्या मधमाश्या-गांधीलमाश्यांवरच्या बिंगहॅमच्या १८९७ च्या खंडात प्रोसोपिस या नावाखाली बघा. इंटरनेटवर तेच नाव टाकलंत तर वेड्या बाभळीचे फोटो येतील. त्या खंडातल्या किल्लीवर (खुणांवरून जात ओळखायच्या तक्त्यावर) अंतिम निर्णय घेऊ नका, नंतर बरीच नावं बदलली. नरांचे पाच-सहा नमुने लेबलासह (गाव, तालुका, उंची, तारीख, कुठलं फूल) पुण्याच्या आकुर्डीतील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राकडे किंवा बंगळुरूच्या एनबीएआयआरकडे (शेतीतल्या कीटकांवरची राष्ट्रीय संस्था) पाठवता येतील का ते आधी पत्राने विचारा. पाठवण्याआधी प्रत्येक नमुन्याचा एक पाय दाट अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा आणि नळीवर नमुन्याचाच क्रमांक घाला.